आरतीचा स्टॉडर्ट

हे वाक्य आरतीचं असूच शकत नाही, असं सुभद्राबाईंनी तिसऱ्या वाचनात ठरवूनच टाकलं. बाईंचं एकदा ठरलं की ठरलं.

बाई आरतीच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक, आणि प्रबंध बेंजामिन स्टॉडर्टवर होता, अमेरिकेच्या पहिल्या नौदल सचिवावर. अमरावतीच्या विद्यापीठात हा पाहुणा कशाला, असं विचारून सगळे थकले होते, पण आरती हटली नव्हती. घोडदळात लढताना जखमी झालेला आणि पुढे व्यापारात रमलेला हा गृहस्थ. आरमाराचा अनुभव म्हणाल तर नावाला नाही. १७९८ साली खातं त्याच्या गळ्यात पडलं आणि तीन वर्षं पुरी व्हायच्या आत त्याने जहाजं वाढवली, ती बांधायला जागा घेतल्या. त्याच्याच काळात ओकच्या लाकडासाठी जॉर्जियाच्या किनाऱ्यावरची बेटंसुद्धा घेतली गेली. त्या बेटांबद्दल आरतीने लिहिलं होतं, ‘खुर्चीवर बसून कारभार करणाऱ्याला बेटाचा किनाराच दिसतो. किनाऱ्यावरची झाडं पाहून आतल्या लाकडाचा अंदाज बांधणारा फसतो.’

बाईंनी वाक्याखाली लाल रेघ ओढली. कुठल्या पुस्तकातून उचललं? नक्कल शोधणारं सॉफ्टवेअर चार टक्के म्हणत होतं. पण कुणाकडून लिहवून आणलेलं सॉफ्टवेअरला कसं कळणार? ‘मॅडम, मले असं वाटून राहिलं’ म्हणत समोर बसणारी ही पोरगी इतकं नितळ मराठी लिहिते? बाईंना स्वतःची बोली घासूनपुसून पुस्तकी करायला वीस वर्षं लागली होती. त्यामुळे असल्या बाबतीत त्यांचा स्वतःवर फार विश्वास.

संशयाला कारणही होतं. आरती यायच्या आधी ओमप्रकाश नावाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्याकडून लिहवून घेतलेला प्रबंध बाईंच्या सहीने दाखल झाला होता. ते उघडकीस आलं आणि दोन वर्षं बाईंना एकही विद्यार्थी मिळाला नाही. त्या आल्या की स्टाफरूममधलं बोलणं थांबायचं. ती शांतता बाई विसरल्या नव्हत्या.

इकडे शुक्रवार तोंडावर आलेला. अकोल्याच्या कॉलेजात आरती अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. तिथे कायम जागेची मुलाखत होती आणि तिला प्रबंध दाखल केल्याचा कागद लागणार होता. म्हणजे बाईंची सही हवी होती. सही नाही तर जागा नाही, आणि पुन्हा जागा निघेपर्यंत आरतीचं वय थांबणार नव्हतं.

सरळ तिलाच विचारलं असतं तर? पण खोटं बोलणारा विचारल्यावर खरं थोडंच सांगतो, असा बाईंचा हिशोब. मंगळवारी त्यांनी अर्जावरचा पत्ता घेतला आणि मोर्शीची एसटी धरली.

आरतीचे वडील सूर्यभान संत्र्याचे व्यापारी. बगीचे झाडावरच विकत घ्यायचे, म्हणजे फळ तोडायच्या आधीच अंदाजाने सौदा करायचा, हा त्यांचा धंदा. बाईंनी ओळख दिली नाही. भावाचा बगीचा विकायचाय म्हणून सांगितलं. म्हातारा त्यांना शेजारच्या बागेत घेऊन गेला.

“भाव कसा ठरवता?” बाईंनी विचारलं.

“आत जाऊन,” सूर्यभान म्हणाले. “धुऱ्यावरचं झाड पाहून भाव नाई सांगाचा, बाई. बांधाच्या झाडाले ऊन भेटते, वारा भेटते, थे लदून जाते. मालक आपल्याले तेच दाखवते. खरा माल मधात पाहाचा.”

बाई जागच्या जागी थांबल्या.

“हे तुम्ही कुणाला शिकवलंत?”

“पोरीले. लहानपणापासून माह्या संगं फिरे. आता मोठी मास्तरीण झाली, लिहून राहिली कायतरी.”

“तिला कोण लिहून देतं?” बाईंच्या तोंडून गेलंच. जीभ आवरायची सवय नव्हती.

सूर्यभानांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “काहून? तिले हात नाई का?” एवढंच बोलून त्यांनी एक संत्रं तोडून बाईंच्या हातात दिलं.

परतीच्या एसटीत बाईंना बरं वाटत होतं. वाक्य आरतीचंच होतं, बापाच्या बागेतून थेट जॉर्जियाच्या बेटावर गेलेलं. घरी पोचल्याबरोबर त्यांनी पाचही प्रतींवर सही केली आणि फोन करून आरतीला बोलावलं. आपण किती कसोशीने खात्री करून घेतली, याचं त्यांना जरा कौतुकही वाटलं.

बुधवारी आरती आली. बाईंनी प्रती पुढे केल्या. “फार सुंदर काम झालंय. ते बेटाचं वाक्य तर...”

“बाबानं तुमाले फाटकातच ओळखलं, मॅडम,” आरती म्हणाली. “माह्या फोनवर तुमचा फोटो पाहेल होता त्यायनं. तुमचा मान राखाले गप्प राहिले. रात्री फोनवर मले विचारून राहिले, तुह्या मॅडम असं काहून पुसत होत्या?”

बाईंचा चेहरा उतरला. लाज वाटली, खरीखुरी, कानापर्यंत.

“चुकलं माझं, आरती. पण आता शंका उरली नाही. सही केलीय मी.”

“केली. पण सात वर्षं मी तुमच्यासमोर बसून होती, मॅडम. एकेक पान तुमच्या टेबलावर लिहिलं, तुमीच खोडलं, मी परत लिहिलं. तेवढ्यात तुमचा भरोसा नाई बसला. अन् बाबापाशी अर्धा घंटा बसून बसला.”

बाई सात वर्षांतलं आरतीचं खोडून पुन्हा लिहिणं आठवायला गेल्या, तर आठवली ती फक्त स्वतःची लाल रेघ.

आरतीने पाचही प्रती पिशवीत भरल्या. चहा टाकते म्हणून बाई उठल्या, तेव्हा ती म्हणाली, “नोका, विद्यापीठाची खिडकी बंद होईन.” आणि चपला घालून ती निघाली.