आत्याचा शब्द

इंग्रजी मला येत नाही आणि ते शिकायची हौसही मला कधी नव्हती. ते माझ्या डोक्यात घुसलं ते लोसालिनेमुळे. लोसा माझ्या भावाची थोरली, आमच्या बेटावरच्या गावातल्या छोट्या दवाखान्यात नर्स. ऑकलंडला नोकरी हवी तर आजारपणातल्या इंग्रजी शब्दांची परीक्षा द्यावी लागते, आणि पोरगी त्यात दोनदा आपटली होती. आता आपटली तर जागा गेली. बाप तिकडे ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडून कंबर मोडून घेतोय, धाकटी भावंडं शाळेत, सगळ्यांची आशा हिच्यावर.

आणि ही बया करायची काय, तर नुसती घोकंपट्टी. मी शेजारी चटई विणत बसायची, माझं डोकं उठायचं. एकदा म्हटलं, अगं, बडबडतेस काय पोपटासारखी? शब्दाला आपल्या भाषेतलं काहीतरी बांधून ठेव. 'टॉक्सिक' म्हणजे काय? विषारी. मग आपली 'टोकी' आठव, कुऱ्हाड. पोटात गेली की आतून तोडते. 'लेटंट' म्हणजे अंगात दडून बसलेला आजार. लिहिलेलं वाचलं तर त्यात आपला 'लाटा' दिसतो की, म्हणजे घरच्यासारखा रमलेला! लोसा म्हणाली, उच्चार तसा नाही. म्हटलं, उच्चार गेला खड्ड्यात, तुला अर्थ लिहायचाय ना?

मग आला 'मॅलिग्नंट'. जीव घेणारी गाठ म्हणे. आमच्याकडे मालीमाली म्हणजे हसू, तेव्हा हे तर फारच सोपं निघालं. मी म्हटलं, चर्चमध्ये गाणाऱ्या बायकांतली ती सेलू डोळ्यांसमोर आण. गोड हसत घरात शिरते आणि बसल्या बसल्या घर पोखरते. लोसा इतकी हसली की मांडीवरचे कागद सांडले. त्याच्या उलटा शब्द 'बिनाइन', म्हणजे निरुपद्रवी. त्याला 'पाइनी' दिलं, दफनभूमीजवळचं पाइनचं झाड. उभं आहे बिचारं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

माझ्या काखेत गाठ आली होती. मोठ्या इस्पितळात तिचा तुकडा काढून घेतला होता आणि त्याचा निकाल नेमका परीक्षेच्या आदल्या दिवशी मिळणार होता. लोसा बरोबर येते म्हणाली. मी तिला दामटून अभ्यासाला बसवलं आणि एकटीच गेले.

डॉक्टर परदेशी, नवा. माझ्याकडे बघायचं सोडून तो कागदाकडे बघत नर्सशी इंग्रजीत बोलला. आकेसा नाव त्या नर्सचं. तिने माझा हात हातात घेतला आणि आमच्या भाषेत सांगितलं, थोडं आणखी तपासावं लागेल, पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या. चांगली मुलगी, हळू बोलत होती. पण मला कळायचं ते आधीच कळलं होतं. त्या सगळ्या फडफडीत एकच शब्द मला ओळखीचा लागला होता, तो सेलूचा. मला आधी आला तो राग. कुणी सांगितली होती मला ती नसती उठाठेव? मग बसमध्ये बसले. भीती वाटली, खूप वाटली. पण घर येईपर्यंत ठरवलं की पोरीला यातलं अवाक्षर सांगायचं नाही.

ती अळकुड्या सोलत होती. निकाल विचारला तर म्हटलं, चरबीची गाठ आहे, काही नाही.

"डॉक्टर काय म्हणाला? नेमका शब्द सांग."

"मला मेलीला कुठलं इंग्रजी?"

"आत्या, माझ्यापेक्षा जास्त शब्द तुला पाठ आहेत. सांग."

"पाइनी," मी म्हटलं.

तिचा चेहरा असा सुटला की मलाही क्षणभर ते खरं वाटलं. मग तिने परत कधी बोलावलंय ते विचारलं, आणि माझी जीभ घसरली. म्हणाले, पुढच्या आठवड्यात, घरच्यांना घेऊन.

तिचा सुरीवरचा हात थांबला.

"पाइनीसाठी घरच्यांना कोण बोलावतं, आत्या?"

ती उठली, हात धुतले, परीक्षेचे कागद गोळा करून पेटीत टाकले. म्हणाली, उद्या जात नाही, ऑकलंड वगैरे सगळं बंद, तुझं कोण करणार इथे? मी ओरडले, भावंडांची नावं घेतली, बापाच्या कंबरेची आठवण दिली. ती ढिम्म हलेना.

तेव्हा मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. आमच्याकडे आत्याचा शब्द भावाची पोरं मोडत नाहीत, मग ती कितीही मोठी होवोत. आजवर तो मान मी डुकराचा चांगला तुकडा मिळवायला नाहीतर पाय चेपून घ्यायला वापरला होता. आता ताठ बसले.

"तुझी आत्या म्हणून सांगतेय. परीक्षा द्यायची, पास व्हायचं आणि जायचं."

तिने मान खाली घातली.

"बरं, आत्या," ती म्हणाली.

सकाळी गाडी आली. मोठ्या कामाला जाताना आमच्यात बांधतात तशी कमरेला चांगली चटई बांधून ती माझ्या पाया पडल्यासारखी वाकली, गालाला गाल लावला आणि दारात उभी राहिली. का उभी आहे ते मला कळत होतं. माझा शब्द मीच फक्त मागे घेऊ शकत होते. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला.

"उशीर होतोय," मी म्हटलं.

ती गेली. पोर पास होऊ दे, देवा, असं मी तोंडाने म्हणत राहिले. आणि मनात मात्र एकच होतं, की या एका वेळी तरी तिने माझं ऐकायला नको होतं.