वेगळा गंज

प्रेमलतेने अ‍ॅल्युमिनियमच्या गंजाच्या, म्हणजे उभट पातेल्याच्या, बुडावर बोटाने वाजवून पाहिलं. शाळेच्या मुलींचं शिबिर बिरसा गावाजवळच्या जंगलात भरणार होतं आणि स्वयंपाकाची भांडी निवडायचं काम तिच्याकडे, नव्या शिक्षिकेकडे, आलं होतं.

"जर्मनचा हलका राहते बाई," दुकानदार भैयालाल म्हणाला, "पन चुलीवर भात लागते. तो वरणाले घ्या, भाताले हा जाड बुडाचा."

तिने दोन्ही घेतले. कढई, झारा, मोठा तवा बाजूला काढला. तेवढ्यात सोबत आलेल्या ज्येष्ठ शिक्षिका विमलाबाई तिच्या कानाशी आल्या.

"एक लहान गंज वेगळा घे. माणिकसाठी."

माणिक आठवीतली. शिबिराला येणाऱ्यांत बौद्ध मोहल्ल्यातली ती एकटीच.

"सगळ्या एकत्रच जेवतील ना, बाई?"

"मला स्वतःला काही नाही गं. पण बाकीच्यांच्या घरून कोणी विचारलं, तर उत्तर कोण देणार? तू?"

प्रेमलता नोकरीत अजून कायम व्हायची होती. फळीवरचा सगळ्यात लहान गंज तिने खाली घेतला.

"हा कायले?" भैयालालने विचारलं.

"दूध तापवायला," ती म्हणाली आणि उगाचच पदर सावरला.

निघायच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी ट्रक उभा होता. मुली चढून बसल्या होत्या, माणिकही. भांडी अजून खालीच होती. इतक्यात माणिकची आई शेवंताबाई डोक्यावर भलामोठा पितळी गंज घेऊन आली आणि धापा टाकत तिने तो प्रेमलतेपुढे उतरवला. आतली ताजी कल्हई चकाकत होती.

"पोरगी म्हने, शिबिरासाठी भांडे पाहून राह्यले. माह्या लग्नातला हाय हा, बाई. कालच कल्हई करून आनली. साऱ्या पोरींचा भात एका खेपेत होते याच्यात."

विमलाबाई ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. त्यांनी काचेतून फक्त प्रेमलतेकडे पाहिलं.

"आमची भांडी झालीत, शेवंताबाई," प्रेमलता म्हणाली. "आणि... गाडीत जागा नाही."

मुलींच्या मागे अर्धा ट्रक रिकामा होता. शेवंताबाईने तिकडे पाहिलं. मग तिची नजर भांड्यांच्या ढिगावर आली. सगळ्यात वर पालथ्या घातलेल्या लहान गंजावर ती जराशी थांबली.

"हौ," ती म्हणाली. "जागा नसन तं राहू द्या."

ती गंज उचलायला वाकली. तोवर माणिक आपली वळकटी काखेत मारून ट्रकवरून खाली उतरली होती.

"माणिक, गाडी सुटते आहे," प्रेमलता म्हणाली.

"हौ, बाई. पन गंज जड हाय. आईले एकटीले नाही उचलनार."

आईने मुलीकडे पाहिलं. एक कडी तिने धरली, एक माणिकने. मधे गंज धरून दोघी रस्त्याला लागल्या.

"चल, प्रेमलता, बस आता," विमलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

भांडी चढली, त्यांच्यामागून प्रेमलताही मुलींजवळ चढली. ट्रक हलला. मुलींतल्या एकीने विचारलं, "बाई, माणिक नाही येणार?"

"तिला घरी काम निघालं," प्रेमलता म्हणाली, आणि मुलींकडे पाठ करून बसली.