चुक्कीचं धुणं

तिळीनीरमध्ये कुणाला ताप येत नसे. म्हणजे अंग तापायचं, डोळे लाल व्हायचे, पोरं ग्लानीत बडबडायची, सगळं चार ठिकाणी होतं तसंच व्हायचं. पण त्याला ताप म्हणायचं नाही. त्याला म्हणायचं धुणं. आतला मळ आपोआप धुतला जातोय, त्यात माणसानं हात घालू नये. आणि होन्नम्माच्या पाच वर्षांच्या चुक्कीचं धुणं आज तिसऱ्या दिवशीही चालूच होतं.

विहिरीमागच्या पाणघराच्या खिडकीचे गज धरून होन्नम्मा उभी होती. आत जायला तिला बंदी होती. ज्याचं धुणं चालू असेल त्याच्यापाशी आईनं बसायचं नाही, गाठ असते ना! पोरीवरच्या मायेला तिथं गाठ म्हणायचे. चुक्की ओल्या चटईवर पडली होती. ओठांना भेगा पडलेल्या, पोट खपाटीला गेलेलं. उशाशी जयक्का बसली होती. बायकांचं सगळं तीच बघायची, आणि बघायची म्हणजे बारीक नजरेनं बघायची.

"जयक्का, तिनं सकाळपासून पाणी का नाही..."

जयक्कानं मान वर केली. "काय म्हणालीस?"

"काही नाही."

"खडा आला तोंडात?"

खडा म्हणजे प्रश्न. तांदळात खडा तसा मनात प्रश्न, वेळीच काढला नाही तर दात मोडतो. ज्याच्या तोंडी खडा येई त्यानं सायंकाळच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून तो थुंकायचा, आणि सगळ्यांनी प्रेमानं टाळ्या वाजवायच्या. होन्नम्मानं चार वर्षांत इतके खडे थुंकले होते की त्यांची विहीर बांधून झाली असती.

"अव्वा," चुक्की मधेच म्हणाली.

तिळीनीरमध्ये पोरं सगळ्याच बायकांना अक्का म्हणत. आई कुणा एकीची नसते. पण कुणी नसताना, नारळाच्या झावळ्या सोलता सोलता, होन्नम्मानं पोरीच्या कानात हा आईसाठीचा शब्द दोन-चार वेळा सांगितला होता. चोरून गूळ द्यावा तसा.

"बघ," जयक्का खुशीत म्हणाली, "कसला मळ बाहेर पडतोय बघ."

*

या सगळ्याच्या मुळाशी होते मेष्ट्रू. मेष्ट्रू म्हणजे मास्तर. सरकारी शाळेत बावीस वर्षं कन्नड शिकवून निवृत्त झालेले. तिपटूरपासून दोन तासांवर, वडिलोपार्जित नारळाच्या बागेत त्यांनी ही वसाहत वसवली. तिळीनीर म्हणजे निवळ पाणी. दाढी नाही, भगवं नाही, अंगारा नाही. इस्त्रीचा सदरा आणि खिशाला पेन. कधी कुणावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसापासून पळावंसं तरी वाटतं.

त्यांचं म्हणणं एवढंच, की माणसाला वस्तू छळत नाही, शब्द छळतो. शब्द गेला की दुःख गेलं. म्हणून दर पौर्णिमेला सकाळी फणसाखाली शाळेतला जुना फळा मांडला जाई. एकानं पुढं यायचं, आपल्याला छळणारा शब्द खडूनं लिहायचा आणि वर तांब्याभर पाणी ओतायचं. त्या दिवसापासून तो शब्द तिळीनीरमधून गेला. पहिल्या पौर्णिमेला मेष्ट्रूंनी स्वतः 'माझं' पुसला. मग कुणी 'मरण' पुसलं, तेव्हापासून तिथं कुणी मरत नाही, निवळतो. डॉक्टर गेला, दवाखाना गेला, आजार गेला. बाहेरच्या सगळ्या जगाला एकच शब्द उरला, चिखल.

आणि 'ताप' कुणी पुसला? होन्नम्मानं.

तिचा नवरा लॉरी चालवायचा. त्यानं हुबळीकडं दुसरं घर केलं, आणि सासूनं त्याचा सगळा राग सुनेवर काढला. "हा ताप आला घरात आणि माझा लेक गेला." सकाळी उठल्यावर ताप, जेवायला बसली की ताप. "ए ताप, पाणी आण." वर्षाच्या पोरीला कडेवर घेऊन ती तिळीनीरला आली तेव्हा तिला स्वतःचं नावही धड आठवत नव्हतं. मेष्ट्रूंनी तिला समोर बसवलं, रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीचा उंडा, आणि गरम सारू वाढायला लावला आणि विचारलं, "बाळ, कोणता शब्द टोचतो?" तिनं फळ्यावर तो लिहिला, वेड्यावाकड्या अक्षरांत. पाणी ओतलं. पांढरा ओघळ मातीत जिरला आणि साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. ती ढसाढसा रडली. इतकं हलकं तिला जन्मात वाटलं नव्हतं. हे खोटं नव्हतं, आणि खरी गोम तीच आहे.

*

धुण्याचा हा तिसरा दिवस मंगळवार होता, गावच्या आठवडी बाजाराचा. तिळीनीरच्या झाडण्या आणि काथ्याचे दोर तिथं विकले जात. "तुझी गाठ फार ओली झालीय," जयक्का म्हणाली, "चल माझ्याबरोबर. जरा लांब गेलीस की सुटेल." वसाहतीतल्या रंगण्णाच्या टेंपोत झाडण्यांच्या भाऱ्यावर बसून होन्नम्मा निघाली. वाटभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. हासनला तिची थोरली बहीण सिद्दक्का राहायची, शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्याबरोबर. दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर होन्नम्मानंच लग्नाआधी रंगवला होता. तो नंबर मेष्ट्रूंनी पुसला नव्हता, त्यांना ठाऊकच नव्हता.

जयक्का विड्याची पानं निवडायला वळली तशी होन्नम्मा शेजारच्या बांगडीवालीपुढं जाऊन बसली.

"ताई, एक मिनिट मोबाईल द्याल? बहिणीला लावायचाय."

बांगडीवालीनं तिच्या ओक्याबोक्या मनगटांकडं पाहिलं आणि काही न विचारता मोबाईल पुढं केला.

"हॅलो?"

"अक्का, मी होन्नी."

पलीकडं शिलाई यंत्र थांबलं. "होन्नी! अगं मेले, कुठं होतीस चार वर्षं? जिवंत आहेस होय! त्या तिळीनीरच्या पत्त्यावर किती पत्रं टाकली तुला, एकाचं उत्तर नाही!"

अगं मेले. होन्नम्मा दचकलीच. किती वर्षांत कुणी तिला अशी मायेनं शिवी दिली नव्हती. पण रडायला वेळ नव्हता. जयक्का पानवाल्याशी घासाघीस करत होती.

"अक्का, ऐक. चुक्कीचं धुणं चाललंय. आज तिसरा दिवस."

"तीन दिवस? एवढं काय धुतेस गं तिचं?"

"खूप धुणं आहे अक्का. थांबतच नाही. तू ये. लवकर ये."

"धुवायला येऊ?" सिद्दक्का हसली. "इथं माझाच ढीग पडलाय, या पावसानं एक कपडा वाळेना. अगं, सोडा टाकून भिजत घाल आणि सोडून दे. पोरगी किती मोठी झाली? बोलते का?"

"होन्नम्मा!" मागून जयक्काची हाक आली.

होन्नम्मानं मोबाईल बांगडीवालीच्या मांडीवर टाकला आणि उठली. वर्षानुवर्षं वाहिलेलं ओझं उतरावं तसं वाटत होतं. सांगितलं. एकदाचं सांगितलं. आता अक्का धावत येईल. लहानपणी होन्नी झाडावरून पडली तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन दीड कोस चालली होती ती, ती थांबायची नाही.

परतीच्या वाटेवर गावतळं लागतं. काठावरच्या दगडांवर पाच-सहा बायका कपडे आपटत होत्या. साड्या, धोतरं, पोरांच्या चड्ड्या. धप, धप, धप. होन्नम्मा बघत होती.

धुणं.

अक्कानं सोडा टाक म्हणून सांगितलं. अक्का हसली.

"गाडी थांबवा!" ती किंचाळली. "रंगण्णा, थांबव! मला परत जायचंय, सांगायचं राहिलं!"

रंगण्णानं आरशातून जयक्काकडं पाहिलं. जयक्कानं होन्नम्माच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय सांगायचं राहिलं?"

काय सांगायचं? तो दुसरा शब्द काय होता? तोंडात होता, जिभेच्या मुळाशी, पण ती त्याला शिवायला गेली की फळ्यावरून पांढरं पाणी ओघळायचं.

"खडा आहे," शेवटी ती म्हणाली. "थुंकते संध्याकाळी." आणि जयक्कानं तिचा गुडघा थोपटला.

*

पण वसाहतीत पोचल्यावर ती बैठकीची वाट बघत बसली नाही. टेंपोतून उतरली ती सरळ पाणघरात घुसली आणि चुक्कीला उचललं. पोरीचं अंग तव्यासारखं भाजत होतं, मान खांद्यावर ठरत नव्हती. ती अंगणापर्यंत आली तोवर माणसं जमली. कुणी अडवलं नाही, कुणी हात लावला नाही. नुसती उभी राहिली. मेष्ट्रू हातातलं पुस्तक मिटून पुढं आले.

"कुठं नेतेस बाळ?"

"तिकडं..." होन्नम्मा म्हणाली.

"तिकडं म्हणजे कुठं? नाव सांग. जा हवं तर, फाटक उघडंच आहे."

फाटक खरंच उघडं होतं. ते कधीच बंद नसायचं, मेष्ट्रूंना त्याचा अभिमान होता. होन्नम्मानं नाव शोधलं. सुया टोचतात ते. पांढऱ्या कपड्यातल्या बाया असतात ते. नाव तेवढं फळ्यावरून ओघळून गेलेलं.

"चिखलात?" मेष्ट्रूंनीच हळू विचारलं. "इतकी धुतली गेलेली पोर, तिला चिखलात नेतेस?"

कोणती आई आपली पोर चिखलात नेईल? मग जयक्कानं तिच्या हातातून चुक्कीला घेतलं आणि तिनं घेऊ दिलं. टाळ्या झाल्या. पुढं आयुष्यभर होन्नम्माच्या कानात त्या टाळ्याच वाजत राहणार होत्या.

बुधवारी सकाळी, कोंबडी सोडायच्या वेळेला, चुक्की निवळली. नारळांच्या शेवटच्या रांगेपलीकडं तिला पुरलं. रडायचं नव्हतं, तिथं सगळ्यांनी शेंगा वाटून खाल्ल्या आणि होन्नम्मालाही ओंजळभर दिल्या.

*

शुक्रवारी दुपारी सिद्दक्का आली. फाट्यावर बस सोडून चिखल तुडवत आली होती, पोटऱ्यांपर्यंत माखलेली. होन्नम्मा फणसाखाली झावळ्या सोलत बसली होती, भोवती बाकीच्या बाया आणि जयक्का. पलीकडं खुर्चीवर मेष्ट्रू.

"अगं मेले!" सिद्दक्कानं तिला उठवून पोटाशी धरलं. "किती वाळलीस! फोन ठेवलास आणि मला चैन पडेना बघ. तुझे भावोजी म्हणाले, चार वर्षांनी फोन करून कुणी कपड्यांचं सांगतं होय? काहीतरी आहे, जाऊन ये. खरं सांग, चुक्की बरी आहे ना?"

"निवळली," होन्नम्मा म्हणाली. आपसूकच आलं तोंडून.

"मंजुनाथा, पावलास रे बाबा!" सिद्दक्कानं हात जोडले. तिचा चेहरा उजळला. "म्हणजे आजारीच होती ना? वाटलंच मला! निवळलं ना सगळं? बस्स, मग काही नाही. कुठाय ती, झोपलीय?"

जयक्का गालात हसली. बाकीच्या बायाही हसल्या. त्यांनाही तो शब्द छान वाटला, सिद्दक्कालाही छान वाटला. सगळ्या आनंदात होत्या. होन्नम्मा एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडं बघत राहिली.

सिद्दक्कानं पिशवीतून कागदात गुंडाळलेला फ्रॉक काढला. पिवळा, खिशावर मोर. "बोलाव तिला, घालून बघू. माप कुठं ठाऊक होतं? भावोजींनी अंदाजानं बेतलाय. मी म्हटलं दुमड जास्त ठेवा, वाढतं अंग आहे पोरीचं."

होन्नम्मानं फ्रॉक हातात घेतला. खालच्या घेराची दुमड बोटांनी चाचपली. चार बोटं होती. दोन वर्षं तरी सहज पुरली असती.

"मेली, अक्का," ती म्हणाली.

झावळ्यांवर चालणारे विळे थांबले.

"माझी पोर तापानं मेली."

सिद्दक्का मटकन खाली बसली. जयक्कानं कानांवर हात ठेवले. मेष्ट्रू खुर्चीतून उठून जवळ आले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"होन्नम्मा, हा शब्द तर तू स्वतः दिला होतास आम्हाला. आठवतं ना?"

"आठवतं," होन्नम्मा म्हणाली. "मीच दिला. म्हणून तर मेली."