डिंकाचं चौथं पान

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. घड्याळजी डोळ्यात अडकवतात ना, काळ्या कडेचं, तेच. माझ्यातून मुंगीसुद्धा म्हशीएवढी दिसते. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण दुसरं कोणी सांगत नाही.

चाळीस वर्षं मी आजोबांच्या उजव्या डोळ्यावर बसून काम केलं. गिऱ्हाइकं म्हणत, "काय नजर आहे हो तुमची!" त्यातली निम्मी माझी होती, पण मी कधी तोंड उघडलं नाही. मग एकदा तिळापेक्षा लहान स्क्रू आजोबांच्या हातून पडला. दिवसभर शोधूनही सापडला नाही. "संपली आपली नजर," असं म्हणून त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि मला घरातल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. शेजारी सैल झाकणाची डिंकाची बाटली. दोन वर्षं मी तिला चिकटून काढली. कंटाळा तर आलाच, पण खरं म्हणजे फार वाईट वाटलं.

घराच्या बागेत क्लोव्हर नावाचं तण माजलं होतं. त्याच्या एका देठाला तीन पानं असतात, क्वचित चार. चार पानांचं सापडलं की नशीब उघडतं, असं आजोबांच्या नातीने शाळेत ऐकलं. तिला आजोबांचं दुकान पुन्हा उघडलेलं हवं होतं. एक उघडलं की दुसरंही उघडेल, असा तिचा सरळ विचार.

तिने मला ड्रॉवरमधून काढलं. चार दिवस आम्ही बागेत पालथे पडलो होतो. "एक, दोन, तीन. एक, दोन, तीन." तिच्या फ्रॉकला हिरवे डाग पडले, पण चौथं पान काही दिसेना. पाचव्या दिवशी तिने गुपचूप डिंकाची बाटली काढली.

"आजोबा, सापडलं!"

आजोबांनी सवयीने मला डोळ्यात अडकवलं. मला खोटं दाखवता येत नाही. डिंकाचा थेंब मटाराएवढा दिसला.

"जोड सरळ बसलाय," आजोबा म्हणाले. "डिंक मात्र जास्त झाला."

नातीचा चेहरा पडला. "तुमचं दुकान पुन्हा उघडावं म्हणून..."

आजोबा बागेत गेले आणि कण्हत-कुंथत खाली बसले. "अगं, मोजत बसू नकोस. मी काय घड्याळाच्या चाकाचे दात मोजतो? नुसतं बघायचं. वेगळं असेल ते आपोआप डोळ्यात भरतं."

थोड्या वेळाने त्यांचं बोट थांबलं. एक, दोन, तीन, चार! मला लावून त्यांनी खात्री केली. डिंक नव्हता.

"माझी नजर शाबूत आहे की गं!"

"मग तो स्क्रू?"

"हरवला. स्क्रू हरवतात. त्यात काय एवढं!"

सोमवारी दुकान उघडलं. दोन्ही पानं आता टेबलाच्या काचेखाली आहेत. "यातलं नशिबाचं कोणतं?" असं कोणी विचारलं, की आजोबा डिंकाचं दाखवतात.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू अधूनमधून हातात घ्या, मऊ फडक्याने पुसा, कामाला लावा. माणसांचंही तसंच आहे. माझ्या कडेवर अजून डिंकाचा एक डाग आहे. नात परवा तो खरवडायला निघाली, तर आजोबा म्हणाले, "राहू दे गं." मलाही तो हवाच आहे.