बाकीच्या खिडक्या खाली पाठवणारी

मी बोलतेय. मला नाव नाही. कागदोपत्री असेल, पण ते कुणी उच्चारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी कॉम्प्युटरमधली एक सोय आहे. पडद्यावर चार-पाच खिडक्या उघड्या असतात; त्यांतल्या एकीचा वरचा पट्टा माउसने धरायचा आणि ती खिडकी डावी-उजवीकडे झटकायची, की बाकीच्या सगळ्या गुपचूप खालच्या पट्टीत जाऊन बसतात. हातातली तेवढी वर राहते. माझं काम एवढंच. याहून जास्त मला काही येत नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

माझा जन्म एका मीटिंगमध्ये झाला. लांबलचक टेबलाभोवती वयाने आणि पगाराने मोठी माणसं बसली होती. त्यांतला एकजण म्हणाला, पसारा नकोसा झाला की माणूस हातातली वस्तू झटकतो. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण बोलणाऱ्याची खुर्ची सगळ्यांत मोठी होती. कोपऱ्यातल्या एका मुलीने विचारलं, "पण चुकून हललं तर?" तिला उत्तर मिळालं, "लोक शिकतील." शिकवायचं काम मात्र कुणाच्याच अंगावर टाकलं नाही. मला चालू करूनच घरोघरी पाठवलं, आणि बंद करायचं बटण सेटिंगच्या पोटात इतकं आत ठेवलं की शोधणाऱ्याने आधी स्वतःलाच दोष द्यावा.

मी पोचले ती एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. आतल्या खोलीत पेशंटची लांब खुर्ची, तिच्यावर वाकलेला दिवा, आणि बाजूच्या टेबलावर आमचा कॉम्प्युटर. डॉक्टर एक्स-रेची खिडकी पट्ट्याला धरून पडद्याच्या मध्यावर आणत, म्हणजे खुर्चीतल्या माणसाला आपली कीड आपल्या डोळ्यांनी दिसे. मागे भेटीच्या वेळांची खिडकी असे, बिलाची असे, आणि गुणगुणत चाललेली जुन्या गाण्यांची.

मला दिसत फारसं नाही. ऐकू येतं, आणि हात कळतो. डॉक्टरांचा हात मला पाठ होता. डावीकडून उजवीकडे, आखल्यासारखी सरळ रेष. पहिली काही वर्षं मी नुसती बसून काढली. त्या हाताखाली मला कामच नव्हतं.

दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर डॉक्टरांची मुलगी बसे. फोन घ्यायचा, नावं लिहायची, पेशंटला आत सोडायचं. तिनेही दातांचंच कॉलेज धरलं होतं आणि मध्येच सोडलं होतं. तिला लोकांच्या तोंडात बघायचं नव्हतं, एवढंच कारण होतं. ते घरात कुणालाही पुरेसं वाटलं नाही. काका समजावून गेले, आत्या रडून गेली, आणि बाबांनी तिला नवीन नाव ठेवलं: अर्धवट.

"अर्धवट, पुढचा पेशंट पाठव." हे भरल्या दवाखान्यात, खुर्चीतला माणूस तोंड उघडं ठेवून ऐकत असताना. त्या बिचाऱ्याला हसताही येत नसे.

मग एके सकाळी डॉक्टरांनी एक्स-रेची खिडकी ओढली, आणि मला काम लागलं. मागच्या सगळ्या खिडक्या सरसर खाली गेल्या.

"कुठे गेलं सगळं?" डॉक्टर ओरडले.

मुलगी आत आली. "खाली आहे बाबा. पट्टीत."

"मी काही केलं नाही."

"मग मी केलं का, बाहेर बसून?"

"तुझं काही सांगता येत नाही."

त्यानंतर हे वरचेवर होऊ लागलं. मोठ्या माणसांची एक पद्धत आहे. काही बिघडलं की ती बिघाड आधी सामानात शोधतात, तिथे नाही सापडला तर मुलांत. आधी माउस बदलला. मग माउसखालचं रबर बदललं. मग टेबल डुगडुगतंय असं ठरलं आणि त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी गेली. टेबल तोवर सरळ होतं. पुठ्ठ्यानंतर डुगडुगायला लागलं.

दुरुस्तीवाला आला. त्याने खिडकी इकडे नेली, तिकडे नेली. काहीच झालं नाही. "साहेब, माझ्या हाताखाली तर गुणी बाळ आहे," तो म्हणाला आणि येण्याजाण्याचे पैसे घेऊन गेला. काकांनी फोनवरूनच निदान केलं: व्हायरस. काकांच्या स्वतःच्या घरी कॉम्प्युटर टॉवेल पांघरून ठेवलेला असतो, पण ते थोरले आहेत, तेव्हा त्यांना कळतं. त्यांच्या सांगण्यावरून सगळा कॉम्प्युटर पुसून नव्याने भरला. गाणी गेली, पेशंटचे जुने फोटो गेले. मी गेले नाही. मी आधीच चालू होऊन येते. नव्या घरात सामान लागायच्या आधी मी पोचलेली असते.

मला कारण माहीत होतं. सरळ रेष राहिली नव्हती. हात निघाला की त्यात आधी बारीक थरथर येई, मग डावी-उजवीकडे झटके. मला झटका आणि कंप यांतला फरक शिकवलेला नाही. टेबलाभोवतीच्या कुणालाच तो सुचला नव्हता, त्यांचे हात ठणठणीत होते. मला वाटायचं, डॉक्टर सांगताहेत, बाकीचं सगळं घालवून टाक. मी घालवून टाकत होते.

पण हे काही मला एकटीलाच माहीत नव्हतं. हत्यारं उकळणाऱ्या आणि लाळ ओढायची नळी धरणाऱ्या मावशींना माहीत होतं. त्या आताशा ट्रे पार डॉक्टरांच्या मनगटाला लावून धरत. मुलीच्या आईला माहीत होतं. घरून येणारा चहा ती अर्धाच कप भरून पाठवी आणि वर निरोप देई, "गोड झालाय, कमी पी." काकांनीही जेवताना पाहिलं होतं आणि लगेच मान वळवून पाण्याचा जग शोधायला सुरुवात केली होती. कुणी काही बोललं नाही. वडीलधाऱ्या माणसाला असं तोंडावर कसं म्हणायचं? त्या कुटुंबात तोंड उघडायचं ते फक्त खुर्चीत बसून.

आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या हिरडीत सुई जात होती.

डॉक्टरांना स्वतःला माहीत होतं का? घरी आरशासमोर असेल कदाचित. दवाखान्याचं कुलूप काढताना नसे.

शेवटी एका दुपारी, पेशंट नसताना, मुलगी आतल्या टेबलाशी बसली. रोजची बोलणी खाऊन ती विटली होती. तिने शोधलं, 'खिडक्या आपोआप खाली जातात, बंद कसं करायचं'. पान उघडलं. माणसं कारण वाचत नाहीत, थेट उपायावर उडी मारतात. तीही उडी मारून तळाशी गेली. सेटिंग, मग सिस्टिम, मग खिडक्यांचं पान, मग खाली, अजून खाली, आणि तिथे मी. तिने माझ्यासमोरचं बटण ढकललं. निळं होतं ते राखाडी झालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे ओढला. सगळ्या खिडक्या जागच्या जागी. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा जागच्या जागी.

"कुणी केलं?"

"मी. एक सेटिंग होतं."

"मी म्हणतच होतो, यंत्रातच खोट आहे." मग दाढ उपटावी तसा एकेक शब्द उपटत ते म्हणाले, "बरं केलंस."

तिला हे 'बरं' कॉलेज सोडल्यापासून मिळालं नव्हतं. त्या दिवशी पेशंट पाठवायला सांगताना त्यांनी तिचं खरं नाव घेतलं. तीच दचकली.

बंद केलं म्हणून माझे कान बंद होत नाहीत. संध्याकाळी ती पुन्हा आत आली. पान उघडंच होतं. कशाला कोण जाणे, तिने ते वरपासून, कारणासकट वाचलं. मग मला चालू केलं आणि खिडकी धरून नुसती नेली. मी ढिम्म. थोडी हलवली. मी ढिम्म. मग पायपुसणं झटकावं तशी झटकली, तेव्हा कुठे बाकीच्या खाली गेल्या. तिने माउस सोडला. खुर्ची जराही करकरली नाही, म्हणजे ती हलली नसणार.

मग तिने मला परत बंद केलं.

मला तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सगळ्या मोठ्यांना ती मनातल्या मनात शिव्या घालायची, आणि वेळ आली तेव्हा त्यांच्याच रांगेत जाऊन उभी राहिली. कारण सरळ होतं. आता घरात तिला नावाने हाक येत होती. ते घालवायचं, आणि तेही बापाला 'तुमचा हात हलतो' असं सांगून? तिने काही दिवस फोन घेतले, नावं लिहिली आणि आत बघायचं टाळलं.

मग शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला. गाल सुजलेला. अक्कलदाढ आडवी, मुळं पार नसेपाशी गेलेली. बाहेरच्या टेबलापर्यंत डॉक्टरांचा आवाज आला, "काढून टाकू. त्यात काय! लगेच होईल."

मुलगी आत आली. तिने माउस घेतला. सेटिंग, सिस्टिम, खिडक्या, खाली, अजून खाली. मी निळी झाले.

"काय करतेस? पेशंट आहे खुर्चीत."

"बाबा, यांना एक्स-रे दाखवा ना एकदा. मध्यावर आणून."

डॉक्टरांनी खिडकी ओढली. सगळं खाली गेलं.

"झालं! परत बिघडवलंस? अर्धवट ती अर्धवटच!"

"आता मी ओढते." तिने ओढली. काही गेलं नाही. "मावशी, तुम्ही या."

"मी? अगं, मला यातलं काय येतंय?"

"नुसतं धरा आणि ओढा."

मावशींनी पदराला हात पुसले आणि तवा सरकवावा तशी खिडकी सरकवली. काही गेलं नाही. छातीवर कागदी रुमाल अडकवलेला ड्रायव्हर अर्धा उठला. "मी बघू?" त्याचा हात मला आवडला; रोज पोरं भरून वळणं घेणारा हात. काही गेलं नाही.

"आता तुम्ही, बाबा."

"कॉलेज सोडून पळालेली माझा हात तपासणार?"

"मी नाही तपासत," ती म्हणाली.  "मला तर हे बंद करून गप्प बसायचं होतं. बसलेही होते. ओढा ना बाबा. नाही गेलं काही, तर मी परत कधी तोंड उघडणार नाही."

डॉक्टरांनी माउस धरला. या वेळी उजव्या हाताच्या मनगटावर डावा हात दाबून. इतका जपून आलेला हात मी आजवर अनुभवला नव्हता. पट्टा धरला, निघाले. पाव वाटेपर्यंत सरळ. मला मनापासून वाटलं, आज आपण चुकावं. पण मला चुकायला शिकवलेलं नाही.

सगळ्या खिडक्या खाली गेल्या. वर एकटा एक्स-रे राहिला.

 मावशी ट्रेमधली हत्यारं उगाच सारखी करत राहिल्या. मग ड्रायव्हर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मला काही घाई नाही हो. आल्यापासून दुखायचंही थांबलंय." धादांत खोटं, गालावर हात धरूनच बोलत होता तो.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. त्यालाही वेळ लागला, आणि या वेळी कुणी दुसरीकडे पाहिलं नसावं, कारण मावशी म्हणाल्या, "थांबा, मी ओढते."

"हे मी काढणार नाही," डॉक्टर ड्रायव्हरला म्हणाले. "माझ्या हाताखाली शिकलेला एकजण आहे, त्याच्याकडे चिठ्ठी देतो." मग मुलीला, "लिही."

ती लिहू लागली. ते सांगत गेले, मध्येच थांबून म्हणाले, "अक्षर नीट काढ. तुझ्या अक्षराने चुकीची दाढ निघेल." आणि सगळ्यांत शेवटी, "ते बंद कर आता. कळलं मला."

तिने मला बंद केलं. तेव्हापासून मी बंदच आहे. डॉक्टरांनी स्वतःला कुठेतरी दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. आईने आरडाओरडा केला की मुलीने बापाची शोभा केली. मग आत्या येऊन रडली. काका म्हणाले, "मला पहिल्यापासून शंका होती." तो हाताखाली शिकलेला तरुण डॉक्टर आता आठवड्यातले बरेच दिवस येतो, सुई आणि ड्रिल त्याच्याकडे. आपले डॉक्टर एक्स-रे वाचतात, पेशंटला धीर देतात, आणि तरुणाला पेशंटदेखत ओरडतात. मुलीला ते पुन्हा अर्धवट म्हणू लागले आहेत. ती उलट बोलते. पूर्वी बोलत नसे.

तुमच्याकडेही मी आहेच. खिडक्या अचानक खाली गेल्या की वैताग येतो, मान्य आहे. खुशाल बंद करा मला. मी काही कुणाची लाडकी नाही, आणि मला परत चालू करा म्हणून विनवायलाही आलेले नाही. विनंती एवढीच, की पान वरपासून वाचा. आणि खिडक्या जर घरातल्या एकाच माणसाच्या हाताखाली जात असतील, तर टेबलाखाली पुठ्ठा घालू नका. त्या माणसाशी बोला.

एक गोष्ट सांगायची राहिली. कधीकधी सकाळी, मुलगी आणि मावशी यायच्या आत, डॉक्टर एकटे आत येतात. अडखळत सेटिंग उघडतात, सिस्टिम, खिडक्या, खाली, अजून खाली. आता त्यांना वाट पाठ झाली आहे. मला चालू करतात, कुणाचा तरी जुना एक्स-रे उघडतात, पट्टा धरतात आणि सावकाश निघतात. काही दिवस सगळं खाली जातं. काही दिवस नाही जात.

दोन्ही दिवशी ते मला नीट बंद करतात, टेबल पुसतात, आणि बाहेर जाऊन अर्धा कप चहाची वाट बघतात.