हललं कोण?

"आजोबा, पाय."

ओरिन टॅकेटने आपल्या डाव्या गुडघ्याकडे पाहिलं. तो मालकाला न विचारता नाचत होता. ओरिनने त्याच्यावर हात ठेवला. मग हातही नाचायला लागला.

ओकच्या बुंध्याला टेकून दोघं पहाटे सव्वापाचपासून बसली होती. बंदूक होती अकरा वर्षांच्या मार्लीकडे. टर्की पक्ष्याच्या शिकारीचे हे दोन दिवस फक्त मुलांसाठी राखलेले. मोठ्यांनी शेजारी बसायचं, शिकार करायची नाही, असा कायदा. झाडीत लपायच्या पानापानांच्या नक्षीच्या जाकिटाच्या आत तिने बापाचा चौकड्यांचा शर्ट घातला होता. बाप नदीवर मालवाहू तराफ्यांवर कामाला, मे महिन्यात येणार. शर्ट त्याला न विचारता घेतलेला.

"गोळी चुकली तर लुरीनमावशी खरंच शर्ट कापते?"

"चुकणार नाहीस. फक्त हलू नकोस."

"मी नाही हलत."

नेम चुकला की शर्टाच्या पाठीकडचा खालचा तुकडा कापायचा, त्यावर नाव-तारीख लिहायची आणि तो लुरीनच्या दुकानात कॉफीच्या यंत्रामागच्या भिंतीवर ठोकायचा, ही गावची रीत. त्या भिंतीवर डॉक्टर होते, पाद्री दोनदा होते. शिकारीच्या एक्केचाळीस वर्षांत ओरिन मात्र तिथे कधी लागला नव्हता. चुकायला आधी गोळी झाडावी लागते. ओरिन हलायचा, टर्की पळायची, झाडायची वेळच यायची नाही. गावाला यातलं एवढंच ठाऊक होतं की ओरिन कधी चुकत नाही. सदतीस वर्षं दारोदार पाण्याचे मीटर वाचत फिरलेला हा माणूस दर फेब्रुवारीत शाळेत मुलांना 'स्थिर कसं बसावं' यावर व्याख्यान द्यायचा.

आवाज काढण्यात मात्र त्याचा हात कोणी धरला नसता. तळहाताएवढ्या पाटीवर काडी घासून त्याने टर्कीच्या मादीचा आर्जवी स्वर काढला. टेकडीवरून नराने गळगळत उत्तर दिलं.

"जज्जसाहेब," मार्ली पुटपुटली.

पाच वसंत हा नर सगळ्या गावाला पुरून उरला होता. सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि निकाल विरुद्ध द्यायचा, म्हणून ते नाव.

तो आला. पिसारा फुलवून, थांबत, ऐकत. पन्नास पावलं. पंचेचाळीस. आडव्या ओंडक्याच्या अलीकडे आला की झाडायचं, असं ठरलेलं. मार्लीचा श्वाससुद्धा दिसत नव्हता. ओरिनला फक्त एकदा जज्जसाहेबांचा चेहरा नीट पाहायचा होता. त्याने मान उंचावली. दोन बोटं, फार तर.

पिसारा मिटला. पक्षी वळला. मार्लीने घाईने चाप ओढला आणि ओंडक्याची साल उडाली.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"हं," ओरिन म्हणाला.

गाडीत तिने शर्टाचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. ओरिनने रेडिओ लावला, बंद केला, काच खाली केली, वर केली.

दुकानात पाच-सहा जण कॉफी पीत होते. मार्लीने कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं, जाकीट काढलं आणि लुरीनकडे पाठ केली.

"शाब्बास पोरी! ये, होऊ दे नाव भिंतीवर," लुरीन कात्री शोधत म्हणाली.

"थांब लुरीन. मी हललो."

सगळीकडे हशा.

"वा, ओरिन! नातीसाठी बदनामी घेतोय बघा!"

"बदनामी नाही, खरं सांगतोय."

"तू? हललास? माझ्या पोराला बसायला तूच शिकवलंस!"

"अरे, एक्केचाळीस वर्षं हलतोय मी!"

आणखी हशा. कोणीतरी कौतुकाने पाठीवर थाप मारली. ओरिनला जन्मात एवढा मान मिळाला नव्हता. नुसतं हसून गप्प बसला असता, तरी चाललं असतं.

"मार्ली," तो म्हणाला, "तू सांग यांना."

मार्ली वळली. आधी आजोबांकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

"हलतात," ती म्हणाली. "चर्चमध्येसुद्धा. आजी त्यांच्या पायावर पर्स ठेवते."

हसू एकेकाच्या चेहऱ्यावरून उतरलं. कोणीतरी कपातल्या कॉफीत बघू लागलं.

ओरिनने शर्ट पँटमधून बाहेर काढला, लुरीनकडे पाठ केली आणि दोन्ही हात काउंटरवर टेकले. सॉसेजची पाकिटं फोडून कात्री बोथट झाली होती. त्याच्या शर्टाचा तुकडा कापायला बराच वेळ लागला.