शब्द अनित्य

"बोला ना, शास्त्रीबुवा. मंडळी खोळंबलीत," बन्सीधर म्हणाला आणि पोखर्णीच्या नरसिंहाच्या मंडपात भरलेल्या वादसभेत हशा पिकला.

समोर भुजंगशास्त्री बसले होते. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. शब्द नित्य आहे, त्याला नाश नाही, हे मीमांसकांचं मत त्यांनी जन्मभर गाजवलं होतं. बन्सीधर नैयायिक, न्यायशास्त्र शिकलेला. त्याचं म्हणणं, शब्द उच्चारला की जन्मतो आणि विरून जातो. मडक्यासारखा, घडवलेला म्हणून फुटणारा.

याच मंडपात पूर्वी बन्सीधरचे वडील वैजनाथशास्त्री हाच नैयायिकांचा पक्ष घेऊन याच भुजंगशास्त्र्यांपुढे बसले होते. मुद्दा बिनतोड होता, पण जीभ अडखळायची. "बोला ना, शास्त्रीबुवा. मंडळी खोळंबलीत," असं भुजंगशास्त्री म्हणाले आणि लोक पोट धरून हसले. वडिलांनी पाठशाळा बंद केली. पुढे घरातही बोलेनात. तसेच मुक्यानं गेले. आई, सुमनबाई, बन्सीधरला रोज पहाटे हलवून उठवायची. "शिक. त्याच जागी त्याला गप बसवायचंय तुला."

आज तो त्याच जागी बसला होता. खरं तर उत्तर सोपं होतं. मडकं फुटतं, 'मडकं' हा शब्द राहतो. मीमांसेचा कुठलाही विद्यार्थी एवढं म्हणाला असता. म्हातारा तेच विसरला होता. हे ध्यानात येऊनही बन्सीधर थांबला नाही.

"का हो, जीभ अडली?"

पुन्हा हशा. भुजंगशास्त्र्यांनी हात जोडले. "हरलो."

सभा उठली तसा बन्सीधर त्यांना आडवा गेला. "मी वैजनाथशास्त्र्यांचा मुलगा. इथं माझ्या वडलांना तुमी काय बोलला होतात, आठवतं का?"

म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "कोण वैजनाथशास्त्री?"

"आठवा!"

त्यांची बायको पार्वतीबाई मध्ये आली. "नका विचारू, बाबा. त्यांना आता माझंबी नाव आठवायलं न्हाई. जाऊ नका म्हणलं, तर ऐकलंच न्हाई. तुमचा निरोप आल्यापासून लय खुशीत होते. म्हणायचे, अजून कुणाला तरी माझ्याशी वाद घालावा वाटायलाय."

तिनं नवऱ्याचा हात धरला आणि पायऱ्या उतरवून नेलं. इतकी वर्षं जपलेला राग कुणावर काढावा, हे बन्सीधरला कळेना.

दिवेलागणीला तो परभणीला पोचला. आई दारातच बसली होती.

"बसवलंस का गप?"

"बसवलं."

"तुझ्या आप्पांचं नाव घेतलं का त्यानं?"

बन्सीधर जन्मात खोटं बोलला नव्हता.

"घेतलं. म्हणाले, वैजनाथशास्त्र्यांचा मुद्दा बरोबर होता. माझं चुकलं."

सुमनबाईनं डोळे मिटले.

"परत सांग."

त्यानं परत सांगितलं. आत चूल विझत आली तरी ती उठली नाही. ती विचारत राहिली आणि तो सांगत राहिला.